वाघोबाच्या बाटलीबाबत लेखी खुलासा

वैशाखरे,
भाऊबीजेनंतरचा मंगळवार

तीर्थरूप महिपतकाका यांच्या चरणी पुतणी नम्रताचा साष्टांग नमस्कार. (काउंटरमागच्या स्टुलावर बसून घातलेला आहे, त्यामुळे आठांपैकी किती अंगं टेकली ते विचारू नये.) इकडे सर्व ठीक आहे. 'सर्व' या शब्दात आई धरलेली नाही. तुमचा खुबा कसा आहे? प्रेमाताई म्हणते, तुम्ही वॉकर घेऊन अंगणातल्या चिकूपर्यंत जाता आणि तिथे पोचल्यावर वॉकर विसरून परत येता. डॉक्टरांना हे सांगावं की नाही, याचा निर्णय तुमचा. शहापूरला आता सकाळी गारवा असेल आणि तानशाकडून वारं येत असेल, तेव्हा दुखऱ्या बाजूला शाल घेऊन बसावं. बाकी जावईबापू आणि मुलं खुशाल असतील असं धरून चालते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण प्रेमाताईच्या घरी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची पद्धत आहे, आणि या विषयाला फोडणीचा आवाज नको. शिवाय खुलासा लेखीच असावा ही तुमचीच शिकवण. आईने तुम्हांला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, कारण ते तिने आमच्या दारात उभं राहून फोनवर सांगितलं: भर वाघबारशीला पोरगी अनवाणी, हातात देशीची बाटली घेऊन, माळशेजच्या रस्त्यावर झोकांड्या खात चालली होती, आणि किन्हवलीच्या पाहुण्यांनी हाक मारली तर ओळखसुद्धा दाखवली नाही. आईचं म्हणणं, माझं नाव दुकानातल्या नोकरांच्या यादीतून, म्हणजे नोकरनाम्यातून, काढावं, दुकान आपल्या जुन्या नोकरावर, भगीरथभाऊंवर, सोपवावं आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत मला घरी पाठवावं. तुम्ही म्हणालात, आधी खरं काय ते लिहून दे, मग नोकरनाम्याचं बघतो, आणि ते पत्र घेऊन मी स्वतः किन्हवलीला जातो. तेव्हा माझं नाव दुकानात राहायचं की जायचं, हे या पत्रावर ठरणार आहे. म्हणून ते सविस्तर लिहिते.

मुळापासून सांगणं भाग आहे. मी तुमच्या देशीच्या दुकानात पंधरा दिवसांसाठी आले होते. त्याआधी मी कंपनीत प्रेशर गेज तपासत होते, म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ दहा म्हणत असेल तर तो खरोखर दहाच आहे का, एवढं बघायचं. तुम्ही दुकानाच्या पायरीवरून घसरलात (तुम्ही पीत नाही हे सगळ्या तालुक्याला माहीत असल्यामुळे कोणी काही बोललं नाही, दुसरा कोणी घसरला असता तर बोलले असते), आणि माझं नाव नोकरनाम्यात चढवलं. बाई म्हणून त्याला वेगळी परवानगी काढली, ती भिंतीवर लावली आहे. पहिल्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तर त्याच्यामागे काचेच्या फ्रेममध्ये आपला परवाना निघाला. तो दर्शनी भागात लावायचा असतो. भगीरथभाऊंची समजूत अशी होती की ते आजोबांचं मानपत्र आहे. मी त्याच्यामागच्या अटी बसून वाचल्या. वाचल्यावर झोप येणार नाही अशा त्या आहेत. कोणाला विकायचं, कोणाला नाही, कुठे, कधी, किती. आणि सर्वांत शेवटी हे, की नोकराने केलेली चूक परवानाधारकाने केली असं समजण्यात येईल. म्हणजे चूक माझी झाली तर कोर्टाच्या पायऱ्या चढणार तुमचा खुबा. तेव्हापासून मी त्या अटी गांभीर्याने घेते. लोक मला खडूस म्हणतात, पण खुबा माझा नाही.

वयाची अट सोपी आहे. देशी घेणारा पंचवीस वर्षं पूर्ण असावा. आधार कार्ड बघायचं, संपलं. (साठीच्या माणसांकडेही मी कार्ड मागत होते. त्यावर बराच विनोद झाला. आता मागत नाही.) पिण्याच्या परवान्याचा मुद्दाही (गिऱ्हाइकालाही निदान एक दिवसाचा लागतो) मार्गी लावला आहे. पूर्वी तो कसा मार्गी लागत होता, हे पत्रात लिहीत नाही. अडचण झाली ती पुढच्या अटीची: नशेत असलेल्या माणसाला विक्री करू नये. अट योग्य आहे. पण नशेत म्हणजे किती? कंपनीत असा शब्द कोणी लिहिला असता तर साहेबांनी तो कागद परत पाठवला असता. ज्याला मोजमाप नाही ते तपासता येत नाही. म्हणून मी मोजमाप तयार केलं. दारापासून काउंटरपर्यंत वायरमनची काळी चिकटपट्टी सरळ रेषेत चिकटवली. पट्टीवरून पावलापुढे पाऊल टाकत जो येईल त्याला माल, पाऊल बाहेर पडलं तर उद्या या.

आठवडाभरात निकाल उलटे आले. संध्याकाळी आधीच दोन घरी पिऊन आलेली, डोळे लाल झालेली, मला 'आई' म्हणणारी माणसं त्या पट्टीवरून दोरीवर चालावं तशी चालत यायची. आणि सिद्धगडला निघालेला कल्याणचा एक ट्रेकर, पूर्ण शुद्धीतला, फक्त माचिस मागायला आलेला, तिसऱ्याच पावलाला बाहेर गेला. मी पट्टी दोनदा सुतळी लावून तपासली. पट्टी सरळ होती. शेवटी भगीरथभाऊ म्हणाले, "ताई, ही मानसं भाताच्या बांधावरनं घरी जातात. काळोखात जातात, पावसात जातात, नि अशीच जातात. बांध चुकला तं गुडघाभर चिखल. तुमची पट्टी काय जड हाय त्यांना?" मुद्दा बरोबर होता. ज्या गुणाने नशा मोजायची, तो गुण इथल्या माणसाने नशेतच कमावला आहे. मग मी चाचणी सुधारली. नाव काय, वार कोणता आणि पट्टी, अशा तीन गोष्टी. तिन्हींपैकी दोन जमल्या तर माल. ही सुधारित चाचणी चांगली चालली. वाघबारशीपर्यंत.

वाघबारशीच्या दुपारी भगीरथभाऊ जेवायला गेले होते. मी एकटी होते. वरच्या वाडीतले नवसूबाबा आले. ते आपले नेहमीचे गिऱ्हाईक. रोज संध्याकाळी येतात, रोज थोडे झालेले असतात आणि रोज तिन्ही गोष्टी बिनचूक करतात. त्या दिवशी दुपारीच आले, अनवाणी, धुतलेलं धोतर, कपाळाला शेंदूर. दारात थांबले. मी म्हटलं, नाव? काही नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. वार? काही नाही. पट्टीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी पट्टीला हात जोडले आणि अलीकडेच उभे राहिले. उभ्या जागी किंचित डुलत होते. मग त्यांनी फळीवरच्या मोठ्या बाटलीकडे हात केला. तीनपैकी शून्य. असा निकाल माझ्याकडे आजवर कोणाचाही आला नव्हता. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की आज विक्री करता येत नाही, घरी जाऊन पडा. ते तसेच बराच वेळ उभे राहिले, मग वळले आणि गेले. मी समाधानाने पाणी प्यायले. कायद्याप्रमाणे वागल्याचं समाधान वेगळंच असतं. दुर्दैवाने ते अर्धा तासच टिकलं.

अर्ध्या तासाने त्यांची बायको लहानीबाई आल्या. मागे भगीरथभाऊ, कपाळावर हात मारत. लहानीबाई पट्टीवरून आल्या नाहीत, पट्टी उपटतच आल्या.

"माजा मानूस पिऊन आला म्हंतेस?"

मी निकाल सांगितला.

"अगो बाय, वरीसभर पिऊन येतो तवा त्याला देतेस. आज एक दिस कोरडा हाय, तं नेमका आजच नाय म्हंतेस?"

मग भगीरथभाऊंनी समजावलं. वाडीच्या वेशीवर वाघोबा आहे. वाघबारशीला त्याला नारळ, तांदूळ आणि बाटलीची धार देतात, म्हणजे वर्षभर गुराढोरांना जपतो. बाटली आणायचा मान नवसूबाबांच्या घराचा. जो आणायला निघतो त्याला त्या दिवशी उपास, पायात वहाण नाही, वाटेत कोणी आखलेली रेघ ओलांडायची नाही, आणि घर सोडल्यापासून देवाला धार पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. थोडक्यात, त्या दिवशी अख्ख्या मुरबाड तालुक्यात सर्वांत शुद्धीत असलेला माणूस मी नशेत म्हणून परत पाठवला होता. डुलत होते ते उपाशीपोटी चढ-उतार करून.

मी चूक लगेच मान्य केली आणि म्हटलं, त्यांना परत पाठवा, मी पट्टी काढून ठेवते. तर ते चालत नाही. रिकाम्या हाताने फिरलेला माणूस त्या दिवशी पुन्हा निघत नाही. दुसरं कोणी? तेही नाही. लहानीबाईंनी पदर खोचला. "तू फिरवलास ना त्याला? मंग आता तूच उचल नि चल. नाय तं सांजला देवाला काय पानी पाजू? नि उद्या वासरू गेला म्हंजे तुज्या दारात आनून बांधू?" गेलेलं वासरू कसं बांधणार, हे मी विचारलं नाही. त्यांच्यामागे वाडीतल्या आणखी पाच-सहा बाया येऊन उभ्या होत्या आणि त्यांतली एकही हसत नव्हती.

काका, इथे कायद्याचा प्रश्न नीट पाहावा. दुकानाबाहेर विक्री करता येत नाही, म्हणजे दुकानदार म्हणून बाटली वाडीत पोचवणं हा गुन्हा. फुकट दिली तरी साठ्याचा हिशेब लागत नाही. लहानीबाईंना विकावी, तर फिरवणारीशिवाय दुसऱ्या कोणी बाटली उचलायची नाही. आणि खरा पिणारा वाघोबा. तो पंचवीस पूर्ण आहे याबद्दल कोणाचाच वाद नाही, पण पुरावा नाही, आणि त्याच्या नावाचा परवाना कुठल्या रकान्यात लिहिणार? एकच मार्ग कायदेशीर होता. मी काउंटरच्या आतून बाहेर आले आणि गिऱ्हाईक झाले. भगीरथभाऊ आत गेले. माझं वय सत्तावीस, आधार दाखवलं. (भगीरथभाऊंनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि फोटो तुमचाच का, असंही विचारलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं.) नाव सांगितलं, वार सांगितला, उरलेल्या पट्टीवरून चालून दाखवलं. दारातल्या बाया आता हसल्या. माझ्या नावाने एक दिवसाचा परवाना केला, छापील किंमत दिली, सीलबंद बाटली घेतली. परवानाधारक म्हणून तुमची जबाबदारी इथे संपते. पुढे जे झालं ते एका प्रौढ, परवाना असलेल्या गिऱ्हाइकाने दुकानाबाहेर केलं.

उंबऱ्यावर लहानीबाईंनी अटी सांगितल्या. चपला इथेच. जेवलीस का? नव्हते जेवले, भगीरथभाऊ आल्यावर जेवायचं ठरलं होतं. मग बरं झालं म्हणाल्या. तोंड बंद, आतापासून. मी पिशवी मागायला हात केला, तर म्हणाल्या, देवाचं काय चोरून न्यायचं हाय? बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरायची, सगळ्यांना दिसली पाहिजे. मी धरली. लेबल बाहेरच्या बाजूला ठेवलं, ती कंपनीतली सवय.

पाऊस जाऊन ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं आणि डांबर तापलं होतं. वाडीकडे वळायच्या फाट्यापर्यंत हमरस्त्यानेच जावं लागतं. कडेला खडी आणि बाभळीचे काटे. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ मात्र डांबराइतकी तापत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो, यात विशेष काही नाही. म्हणून मी त्या रेघेवरून चालायला लागले. (रेघ ओलांडायची नाही असा नियम आहे; रेघेवरून जायचं नाही असा नाही. लहानीबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली.) रेघ तळहाताएवढी रुंद, त्यामुळे पावलापुढे पाऊल. दोन्ही हात बाटलीला, त्यामुळे तोल सांभाळायला खांदे हलवावे लागतात. बांधावरचा सराव मला नाही. मागे लहानीबाई आणि बाया. ट्रकवाले हॉर्न देऊन जात होते.

अशा वेळी किन्हवलीच्या पाहुण्यांची गाडी आली. ओतूरला फराळ घेऊन निघाले होते. संदेश, म्हणजे खुद्द स्थळ, चालवत होते, मागे त्यांची आत्या, जिने ते सुचवलं. गाडी माझ्या शेजारी हळू झाली आणि काच खाली आली.

"अगं, तू नम्रता ना?"

मी मान हलवली.

"आणि हे हातात काय?"

मी बाटलीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. लेबल त्यांच्याच बाजूला होतं.

"बोलत का नाहीस गं?"

तेव्हा लहानीबाई मदतीला आल्या. त्या मनापासून आल्या, हे मी आजही सांगेन. "ती नाय बोलनार. बाटली रिती झाल्याबिगर तिचा तोंड नाय उघडायचा."

आत्याबाई मागे सरकल्या.

"सकाळधरनं पोटात काय नाय पोरीच्या," लहानीबाई कौतुकाने म्हणाल्या.

"रिकाम्या पोटी!" आत्याबाई एवढंच म्हणाल्या आणि काच वर करायला लागल्या. काच पूर्ण चढायच्या आत संदेश यांचा आवाज आला, "आत्या, सील आहे. सील बघ ना." निरीक्षण चांगलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. गाडी घाटाकडे गेली आणि आरशातून कोणीतरी बराच वेळ मागे बघत होतं. उरलेल्या वाटेत मी हिशेब केला: नाव विचारलं, तोंडाने सांगितलं नाही, प्रश्न केले, उत्तर नाही, चाल डुलती. माझ्याच चाचणीने मी नापास. आत्याबाईंना दोष देता येत नाही. त्यांच्या जागी मीही मला काही विकलं नसतं.

वाडीत दिवस मावळायच्या आत पोचलो. वाघोबा म्हणजे शेंदूर लावलेली लाकडाची फळी, तिच्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. नवसूबाबा दुपारपासून तिथेच बसून होते, उपाशी आणि मुके, कारण धार पडलेली नव्हती. मी सील तोडलं, भगताने सांगितलं तशी धार सोडली. पोरांनी वाघ होऊन डरकाळ्या फोडल्या. नवसूबाबा उठले, माझ्यासमोर येऊन सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "नवसू. शुक्कुरवार." मग जरा विचार करून म्हणाले, "रेघ उद्या चालतो."

नंतर त्यांनी मला पानावर तांदळाची खीर वाढली. मी दोनदा घेतली. (बाटलीत जे उरलं त्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही. मी खीर खात होते.) उतरताना पायाला फोड आले होते, पण संध्याकाळ चांगली होती. यापेक्षा जास्त वर्णन खुलाशात बसत नाही.

तात्पर्य: विक्री दुकानात, वेळेत, पात्र गिऱ्हाइकाला, सीलबंद झाली. विक्री नाकारणं हा गुन्हा नाही. परवान्याला धोका नाही. चाचणीत चौथं कलम घातलं आहे, की वाघबारशीला ती लागू नाही. पट्टी नवीन चिकटवली आहे. नोकरनाम्यात माझं नाव ठेवायला कायद्याची कोणतीही हरकत निघत नाही, हे तुमच्यासारख्या अनुभवी परवानाधारकाला वेगळं सांगायला नको. प्रेमाताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि चिकूपर्यंत जाताना वॉकर न्यावा, येताना आणावा.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
नम्रता

ता. क. चकल्या पोचल्या. भगीरथभाऊ घरच्यांना दाखवतो म्हणून डबाच घेऊन गेले.

ता. क. २. हे पत्र घेऊन तुम्ही किन्हवलीला जाणार म्हणालात. कृपया जाऊ नये. वर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे, पण ते परवान्याच्या संदर्भात आहे, सोयरिकीच्या नाही. माझी अब्रू परत आणली तर तुळशीच्या लग्नानंतर तारीख धरतील, आणि मग नोकरनाम्यातलं नाव आपोआपच जाईल. अब्रू सध्या आहे तिथे, आत्याबाईंकडे, राहू द्यावी. संदेश यांना खुलाशाची गरज नाही, त्यांनी सील पाहिलं आहे. ओतूरहून परत येताना ते दुकानाशी थांबले होते. माचिस घेतली. तिन्ही गोष्टी बरोबर केल्या. त्यांना मी सांगितलं आहे की घाई नसेल त्याने अधूनमधून माचिस न्यायला हरकत नाही.

ता. क. ३. आईला मात्र काहीतरी ठोस कारण द्यावं लागेल. म्हणून मी काल लहानीबाईंना विचारलं, की जिने वाघोबाची बाटली वाहिली तिने पुढची वाघबारस होईपर्यंत हा रस्ता सोडून कुठे जायचं नाही, दुकान सोडायचं नाही आणि लग्नाचं तर नावच काढायचं नाही, असा तुमच्यात काही नियम आहे का? त्या म्हणाल्या, "नाय. पन तुला लागत आसल तं आजपासून हाय." तुम्ही आईला फोन कराल तेव्हा फक्त त्यांचा शेवटचा शब्द सांगावा.